सेवाग्रामचा साक्षीदार

अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरील पात्र नागरिकाला परवान्याशिवाय पिस्तूल कपड्याआड दडवून चारचौघांत हिंडण्याची मुभा आहे, आणि अशा मोकळिकीचे तिथले कैवारी ज्यांना वारंवार साक्षीला उभे करतात ते गृहस्थ 1936 मध्ये वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामात पंचा नेसून राहावयास आले होते. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात काढलेल्या पत्रकात गांधींनी 1878 च्या शस्त्र कायद्याला, म्हणजे परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास मनाई करणाऱ्या कायद्याला, ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळे ठरविले होते खरे. मात्र ते पत्रक साम्राज्याच्या सैन्यभरतीसाठी होते, ही बाब उद्धृत करणाऱ्यांच्या हातून (नेमकी) निसटते.

खुद्द वर्ध्यात, रानडुकरांनी उभे पीक लोळविलेल्या शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी साधी बंदूक हवी असेल, तर 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांची मर्जी एवढे टप्पे पार करावे लागतात, शिवाय निवडणूक लागली की ती बंदूक बहुधा ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. डुकरांना मात्र आचारसंहिता लागू नसते. याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराच्या देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे, आणि सेवाग्रामचा गांधींचा आश्रम पाहून तृप्त झालेले पाहुणे सहसा तिकडे वळत नाहीत.