सुरतेला उतरलेला उमेदवार

वर्ध्याच्या अभ्यासिकेत उमेदवाराचं वय विचारू नये, ध्येय विचारावं. वय आपोआप कळतं. पहिल्या वर्षी कलेक्टर. दुसऱ्या वर्षी डेप्युटी कलेक्टर. तिसऱ्या वर्षी पीएसआय, पाचव्या वर्षी तलाठी आणि त्यानंतर जी जाहिरात निघेल ती. याला कुणी माघार म्हणत नाही, 'प्लॅन बी' म्हणतात. सेलू-समुद्रपूरच्या पोरांची इंग्रजी मुळाक्षरं अशीच पक्की होतात.

क्लासचे सर सांगतात, ध्येय 'स्मार्ट' पाहिजे. जॉर्ज डोरान नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1981 साली ही पाच अक्षरं जुळवली. ध्येय नेमकं हवं, मोजता येणारं हवं, कुणी करायचं ते ठरलेलं हवं, झेपणारं हवं आणि मुदतीचं हवं. आपलं घोडं मुदतीपाशी पेंड खातं. मुदत घालणार उमेदवार, जाहिरात काढणार सरकार. 2023 ची तलाठी भरती आठवा: जागा 4,644, अर्ज दहा लाखांहून जास्त, फी खुल्या गटाला 1,000 रुपये, राखीव गटाला 900. गुणाकार करून बघा. नेमकं, मोजता येणारं आणि मुदतीत गाठलेलं ध्येय या व्यवहारात कुणाचं होतं, ते लगेच कळेल.

त्याच वर्षी एमपीएससीचा वर्णनात्मक पॅटर्न लागू होणार होता. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि तो 2025 वर गेला. म्हणजे पंचवार्षिक योजना पोरांनी आखायची आणि तिचा आढावा आयोगाने घ्यायचा. मधल्या काळात गावातले काका पारावरून विचारणारच, "काय बे, कुठवर आलं तुयं?"

नोकरी लागली की हे सुटतं, असा एक गोड गैरसमज आहे. मार्च आला की स्वमूल्यांकनाचा फॉर्म येतो. डाव्या रकान्यात उद्दिष्ट, उजव्यात साध्य. मुरलेले कर्मचारी आधी उजवा रकाना भरतात आणि मग त्याला शोभेल असं उद्दिष्ट डावीकडे लिहितात. निकाल शंभर टक्के. साहेब 'समाधानकारक' लिहून सही करतात आणि पगारवाढ वरून ठरून आलेलीच असते.

आता हाच फॉर्म जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना भरायला देऊ. मोहनदास गांधी: डिसेंबर 1920 मध्ये, शेजारच्या नागपुरात, उद्दिष्ट लिहिलं 'एका वर्षात स्वराज्य'. 1936 साली सेगावात मुक्कामाला आले, तरी काम बाकीच. शेरा: मुदत पाळत नाहीत, मुख्यालय बदलतात. जे. सी. कुमारप्पा: लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत व्यवसाय थाटला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि शेवटी वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी व हातकागदाच्या मागे लागले. शेरा: पदोन्नतीत रस नाही. विनोबा भावे: भूदानाचं उद्दिष्ट 1957 पर्यंत पाच कोटी एकर, हाती आले चाळीसेक लाख. दहा टक्केही नाहीत. शेरा: वेतनवाढ रोखावी.

या विनोबांचं रेकॉर्ड आधीपासूनच खराब. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि मधेच सुरतेला उतरून काशीला गेले. परीक्षा बुडवल्याचं घरी पत्राने कळवलं. पुढे 1921 साली वर्ध्यात आले ते इथलेच झाले. आज एखाद्या पोराने हे केलं तर मामा त्याला दुसऱ्या गाडीने परत मुंबईला नेऊन बसवेल.

सुरतेला उतरणं सगळ्यांना परवडत नाही, हे कबूल. बापाने कपाशी विकून खोलीचं भाडं भरलंय, ताईचं लग्न राहिलंय, अशा पोराला वैराग्य शिकवणं हा फुकटचा चोंबडेपणा आहे. पण गाडी कुठे चाललीय हे मधल्या स्टेशनावर विचारायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे आढावा म्हणजे किती किलोमीटर झाले एवढीच चौकशी. गाव तेच हवंय का, हे विचारलं की 'याचं अभ्यासात लक्ष नाही' असं घरात ठरतं. ऑफिसात तेच विचारलं तर बदलीचा आदेश निघतो.

म्हणून एक नम्र सूचना. भरतीचा अर्ज असो की मार्चचा फॉर्म, त्यात एकच रकाना वाढवावा: 'हे ध्येय कुणाचं?' पर्याय: वडील, मामा, क्लासचा फ्लेक्स, साहेब, मी स्वतः. शेवटच्या पर्यायावर खूण करणाऱ्याने फी आपल्या खिशातून भरावी. बाकीच्यांची फी ज्याचं ध्येय, त्याच्याकडून वसूल करावी. पुढच्या भरतीत अर्ज किती येतात ते बघू.