श्रीमंत डोमिसाईल प्रमाणपत्र यांस अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजश्री डोमिसाईल प्रमाणपत्र यांसी,
लष्कर, ग्वाल्हेर येथून शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आधी आपले अभिनंदन करतो. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपापसातल्या सीमाचौक्या उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. आज त्या मंडळात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पुरते आत आले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांवर तोफा डागल्या, ते आज पासपोर्टवर शिक्का न घेता एकमेकांच्या गावी जातात. युरोपीय संघाच्या नागरिकाने संघातल्याच दुसऱ्या देशात पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केले की त्याला तिथे कायम राहण्याचा हक्क मिळतो. आम्हा भारतीयांकडे एकच राज्यघटना, एकच नागरिकत्व, आणि देशात कुठेही फिरण्याचा व कुठेही स्थायिक होण्याचा हक्क देणारा १९ वा अनुच्छेद, तोही २६ जानेवारी १९५० पासून, म्हणजे त्या बोटीच्या पस्तीस वर्षे आधी. एवढे सगळे असूनही आपण जागच्या जागी आहात, आणि महाराष्ट्रात आपले दर्शन घडायला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. सार्वभौम राष्ट्रांना जे राखता आले नाही ते आपण एका प्रजासत्ताकाच्या पोटात राखले. याला कर्तृत्व लागते.

आपली हुशारी अशी की आपण सीमेवर कधी उभे राहत नाही. झेलम एक्स्प्रेस बऱ्हाणपूर सोडून रावेरकडे निघते तेव्हा डब्यात कोणी कागद मागत नाही; मध्य प्रदेश संपला, महाराष्ट्र लागला, हे झोपलेल्याला कळतही नाही. आपण बसता ते प्रवेशाच्या अर्जावर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात. उरलेल्या ८५ टक्क्यांच्या दाराशी आपण. महाराष्ट्रात त्या दारातून जायचे तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात, वर आपण स्वतः हवेत. बदलीवर आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना सूट आहे. बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, आणि त्या असाव्यात. पण ज्या घरातला कर्ता माणूस सरकारी हुकमाने नव्हे, स्वतःच्या पोटासाठी ग्वाल्हेरहून पुण्याला गेला, त्याच्या मुलीची दहावी ग्वाल्हेरची निघाली की तिच्यापुढे दार बंद. तिचा बाप पुण्याच्या मतदार यादीत नाव घालून आमदार निवडू शकतो, कर भरू शकतो. मुलगी मात्र बाहेरची. (बापाच्या गाडीचे गाऱ्हाणे इथे मांडत नाही. एमपी ०७ ची पाटी महाराष्ट्रात बारा महिन्यांवर चालत नाही, नवा नंबर घ्यावा लागतो, एवढी नोंद पुरे.)

ग्वाल्हेरला हे विशेष झोंबते, कारण इथली आमची वस्तीच स्थलांतराने उभी राहिली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली. त्या लष्कराची वस्ती झाली आणि वस्तीचे नावही लष्करच राहिले. इथल्या मराठी घराण्यांना आपले मध्य प्रदेशी भाऊबंद दाखले ‘मूल निवासी’ म्हणून गौरवतात, तर आपण स्वतः त्यांना महाराष्ट्रात परके ठरवता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी घेऊन दक्षिणेत परतले. पुढे मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले. त्या वेळी आपण हजर असता तर ‘८५ टक्के ख्याल स्थानिकांसाठी राखीव’ असे सांगून बुवांना परत धाडले असते, आणि महाराष्ट्राचे निम्मे संगीत वाचवले असते. कोणापासून, हे आपल्यालाच ठाऊक.

खरे सांगायचे तर आपले कूळ आमच्याच परगण्यातले. ग्वाल्हेर मध्य भारत राज्याची हिवाळी राजधानी होते तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत, राज्यातल्यांना ती माफ होती. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. २७ जानेवारी १९५५ रोजी बहुमताने निकाल लागला: घटनेने जन्मस्थानावरून भेदभावाला बंदी केली आहे, वास्तव्यावरून नाही, सबब फी योग्य. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या जगन्नाधदासांनी विरुद्ध मत दिले. एकवीस महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मध्य भारत राज्यच नाहीसे झाले. ज्या राज्याचे हित म्हणून ही फी टिकली ते नकाशावरून पुसले गेले, तरी त्या निकालाच्या खांद्यावर बसून आपण सत्तर वर्षे देशभर फिरत आहात. आता याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवा. फेब्रुवारी १९८५, म्हणजे शेंगेनच्या बोटीआधी चार महिने. ग्राविए नावाची फ्रेंच विद्यार्थिनी बेल्जियममधल्या लिएज शहरात चित्रकथा काढायला शिकत होती. बेल्जियन मुलांना जे शुल्क नव्हते ते तिच्याकडून मागितले गेले. युरोपीय न्यायालयाने सांगितले की हा भेदभाव आहे, शुल्क मागता येणार नाही. प्रश्न हुबेहूब तोच. फरक असा की इंदूर आणि दिल्ली एकाच देशात होते, लिएज आणि फ्रान्स नव्हते.

आपले वकील यावर काय म्हणतील ते ठाऊक आहे. म्हणतील, युरोपाचे कौतुक पुरे झाले. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि ऑस्ट्रिया वैद्यकीय जागांपैकी ७५ टक्के आपल्याच शाळांतून उत्तीर्ण झालेल्यांसाठी राखतो. दोन्ही खरे. पण ऑस्ट्रियाला तो कोटा वर्षानुवर्षे युरोपीय आयोगापुढे आकडे मांडून राखावा लागला: बाहेरचे किती येतात, शिकून किती परत जातात, डॉक्टर किती कमी पडतील. दंतवैद्यकात ते पटवता आले नाही, तिथला कोटा गेला. बेल्जियमच्या अशाच एका कोट्याबद्दल २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने बजावले की सार्वजनिक आरोग्याला धोका आहे असे नुसते म्हणून चालणार नाही, तो दाखवावा लागेल. माझा मुद्दा एवढाच आहे. तिकडे दार बंद करणाऱ्याने पुरावा द्यायचा. इथे दारात उभ्या असलेल्याने द्यायचा: वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा दाखला. दाराकडे पुरावा मागण्याची सोयच नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतले वास्तव्याधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले आणि ‘आपण सगळे भारताचेच अधिवासी आहोत’ असे म्हटले, तेव्हा आपल्याला थोडा घाम फुटला असेल. एमबीबीएसच्या दारावरून मात्र आपल्याला हलवलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो आपल्या बाजूने मीच मांडतो. राज्याने आपल्या करदात्यांच्या पैशातून महाविद्यालय बांधले. गडचिरोलीची मुलगी कोटा शहरातल्या किंवा दिल्लीच्या शिकवणीतून आलेल्या मुलाशी कशी झुंजणार? ती डॉक्टर झाली तर निदान गडचिरोलीला परतण्याची शक्यता आहे. मान्य, शंभर टक्के मान्य. पण आपण तिचे रक्षण करता कुठे? आपल्या नियमात गडचिरोली आणि मुंबईतले कुलाबा एकच. दोन्हीकडच्या मुलींपाशी आपण सारखेच. मागास जिल्ह्याला संरक्षण द्यायचे तर जिल्ह्याच्या नावाने द्या, आम्ही टाळ्या वाजवू. इथे आपली थोडी कीवही येते. जागा वाढवायच्या कोणी, जिल्ह्याच्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक नेमायचे कोणी, हे राहिले बाजूला, आणि त्या सगळ्या उणिवांवर झाकण म्हणून एका कागदाला दारात उभे केले. शिव्या आपण खाता. ज्यांनी उभे केले ते निवडणुकीत भूमिपुत्रांचे कैवारी म्हणून मिरवतात.

कीव इथे संपते. आपला थोरला भाऊ, जातीचा दाखला, याचे काय? महार ही जात महाराष्ट्राच्या अनुसूचित यादीत आहे, मध्य प्रदेशच्या यादीतही आहे. तरी कुटुंब एका राज्यातून दुसऱ्यात गेले की नव्या राज्यात आरक्षण नाही; १९९० मध्ये मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून हे ठरले, २०१८ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. कारण काय, तर जातीचे मागासलेपण राज्यागणिक वेगळे असते. नर्मदा ओलांडली की अंगावरची अस्पृश्यता धुऊन निघते काय? जातीने त्या माणसाचा पिच्छा मुंबईपर्यंत पुरवला, ग्वाल्हेरपर्यंत पुरवला. त्या जातीवरचा उतारा तेवढा स्टेशनवर उतरवून ठेवायचा. लाज वाटायला हवी, आणि ती कागदाला वाटत नाही म्हणून कागद काढणाऱ्यांना वाटायला हवी.

त्यांना वाटेल असे दिसत नाही, कारण स्वतःपुरते त्यांनी आपल्याला केव्हाच निवृत्त केले आहे. २००३ मध्ये संसदेने कायदा बदलला. तेव्हापासून राज्यसभेवर एखाद्या राज्यातून निवडून यायला त्या राज्याचा रहिवासी असण्याची गरज नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. म्हणजे महाराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीत बसायला महाराष्ट्रात राहावे लागत नाही. महाराष्ट्रात शरीरशास्त्र शिकायला मात्र दहावीपासून राहावे लागते. आणि नियम बदलणे अशक्य असते अशी सबब कोणी सांगू नये. रेशनचे धान्य देशात कुठेही मिळण्याची सोय याच सरकारांनी केली, जून २०२२ पर्यंत सगळी राज्ये तीत आली.

म्हणून आपल्या धन्यांना एवढा निरोप पोचवा. ८५ टक्के जागांवर शिकलेल्या डॉक्टरांपैकी दहा वर्षांनी किती जण त्याच राज्यात काम करतात, आणि त्यांतले किती जिल्ह्याच्या गावाबाहेर, हे राज्यवार छापून जाहीर करा. आकडे आपल्या बाजूचे निघाले तर आम्ही ग्वाल्हेरकर निमूट १५ टक्क्यांच्या रांगेत उभे राहू. न निघाले तर आपण दार सोडावे.

कळावे, लोभ असण्याचे कारण नाही.

आपला,
एक ग्वाल्हेरकर