यंत्र थंड जागी हलवा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची देखभाल थांबवली आणि घराघरांतले कितीतरी धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. नागपूरच्या आमच्या घरातला २०१६ सालचा संगणकही त्यातलाच. विंडोज ११ला साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आमचा सहाव्या पिढीचा. हल्ली सोयरीक जुळवतानाही कुणी इतक्या पिढ्या मोजत नाही! लिनक्स मिंट फुकट मिळतं आणि जुन्या यंत्राला झेपतं, म्हणून तेच टाकायचं ठरलं. मुहूर्त मे महिन्याचा, कारण तेव्हा पुतण्या सुटीवर घरी असतो.

फोटो आधीच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले होते, हे एक बरं. कारण निळी पट्टी मध्यावर येऊन थबकली ती थबकलीच. विंडोज पुसलं गेलेलं, लिनक्स अजून पोचलेलं नाही. मग एक संदेश उमटला. फायली उतरवताना चूक झाली म्हणाला. सीडी पुसून पाहा, कमी वेगाने पुन्हा लिहा, ड्राइव्हची लेन्स साफ करा, हार्ड डिस्क जुनी झालीय का बघा, नाहीतर यंत्र थंड जागी हलवा. आमच्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नाही. सगळा कारभार पेन ड्राइव्हवरून चाललेला. हे लिहिणारा माणूस मनाचा भला असणार, फक्त जरा जुन्या काळातला.

शेवटची सूचना मात्र घरात एकमताने मंजूर झाली. बाहेर ४५ अंश. "मी सकाळपासून तेच सांगतेय," म्हणत आईने संगणक कूलरसमोर ठेवायला लावला. वाळ्याच्या वासाची ओलसर हवा थेट उघड्या डब्यात शिरू लागली तसा पुतण्या ओरडला, "आजी, अगं पाणी उडतंय!" तोवर शेजारचे काका आले होते. "काय करून राहिले रे?" विचारता विचारताच त्यांनी रॅम उपसली आणि खोडरबराने घासायला घेतली. भावाने त्याच वेळी डिस्कची केबल बदलली. पट्टी पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा मध्येच अडली.

मला तर हायसंच वाटलं. चाललं असतं तर कूलरमुळे, रॅममुळे की केबलमुळे, हा तंटा दिवाळीपर्यंत पुरला असता. यातला एकही उपाय वेडगळ नव्हता, खोडरबराचासुद्धा. रॅमचे संपर्क मळले की तो खरंच लागू पडतो. पण सगळे उपाय एकदम केले की कुठल्याच उपायाला साक्षीदार उरत नाही.

पुतण्याने सगळ्यांना हात बाजूला घ्यायला लावले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. आधी उतरवून घेतलेली मिंटची मूळ फाइल तपासली. प्रत्येक फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा मिंटवाले जाहीर करतात. फाइलीतला एक बिटही हलला तरी ठसा पार बदलून जातो. काकांनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. मग पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून मेन्यूतली तपासणी चालवली. तिथे घोडं पेंड खात होतं. घरातली फाइल शाबूत होती, तिची पेन ड्राइव्हवरची प्रत सडकी.

हा पेन ड्राइव्ह भावाला कुठल्याशा परिसंवादात फुकट मिळालेला, संत्र्याच्या आकाराचा. नागपुरात त्याच्यावर संशय घेणार कोण? दुसरा साधा, काळा पेन ड्राइव्ह लावला आणि पट्टी शेवटपर्यंत गेली. रॅम, केबल, डिस्क आणि उन्हाळा, सगळे निर्दोष सुटले.

तुमच्याही खणात असं एखादं संत्रं, आंबा किंवा गणपती पडला असेल. त्यावर फार तर गाणी ठेवा, संगणक त्याच्या भरवशावर सोडू नका.