दोन बोल्ट, तीन रविवार

हे मार्गदर्शन ज्यांची मारुती ८०० अजून चालते आणि संसारही अजून चालतो, अशा सद्गृहस्थांसाठी आहे. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं. त्यामुळे दारात उभ्या असलेल्या गाडीचा एकही बोल्ट आता तरुण राहिलेला नाही, हे मनाशी धरूनच बॉनेट उघडावं.

दहा किलोमीटर गेलं तरी तापमानाचा काटा उठायचं नाव घेत नाही आणि पेट्रोल मात्र भराभर संपतं, तेव्हा ‘थर्मोस्टॅट उघडा राहून अडकला’ असं निदान करावं व स्वतःला शाबासकी द्यावी. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली पितळी डबी. पाणी ८२ अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तो बदलायला दहा मिनिटं लागतात. त्याआधी झाकणाचे दोन बोल्ट तेवढे काढायचे असतात.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात लावू नये. ती पाणी दाबून धरते, म्हणून आत ते ११० अंशांनाही उकळत नाही. टोपी फिरवली की उकळतं, आणि तुमच्या तोंडावर येतं. कूलंट काढाल तो झाकणाच्या डब्यात. तो चवीला गोड आणि विषारी असतो, आणि सोसायटीतल्या कुत्र्यांना यातलं फक्त पहिलं कळतं. अर्थात, तुमच्या रेडिएटरमध्ये कूलंट असला तर. माझ्यात बोअरचं पाणी होतं.

होज पाइप चिकटला असेल तर ओढू नये. फडकं गुंडाळून पक्कडीनं अलगद पिळावा, तरी न सुटल्यास ब्लेडनं उभा चिरावा. पाइप नवा मिळतो, रेडिएटरचं तोंड मिळत नाही.

आता बोल्ट. बोल्ट पोलादाचा, आटे अ‍ॅल्युमिनियमचे, आणि मध्ये झिरपलेलं ते बोअरचं पाणी. दोन धातू आणि क्षार एकत्र आले की बॅटरीच तयार होते. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेऊन आट्यांत ठासून बसते. म्हणून इथे दंड थोपटून उपयोग नाही. पहिल्या रविवारी गंज सुटायचं तेल सोडावं, हातोडीनं माथ्यावर हलके ठोके द्यावेत आणि वर जाऊन जेवावं. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेल आधी नीट पुसून घ्यावं (नाहीतर बोल्टाआधी तुमच्या भुवया सुटतील) आणि झाकणाला ताप द्यावा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड ढिली होते. ज्योत बाजूला ठेवून तापलेल्या बोल्टाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवावी. वितळलेलं मेण आट्यांत शिरतं.

या सुमारास पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीत येतात.

“अहो, पान्याला पाइप घाला की लांब! असा काय निघतोय तो!”

काकांना हसून नमस्कार करावा आणि आखूड पानाच वापरावा. सुटणारा बोल्ट आधी ‘कर्र’ करतो. तो आवाज कानात साठवावा. पाव फेरा सैल, थोडा परत आवळ, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा. पहिला बोल्ट माझा असाच निघाला.

दुसऱ्याला मी पाइप घातला.

श्रीखंडात चमचा फिरावा तसा पाना मऊ फिरू लागला, आवाजाशिवाय, तर तिथेच थांबावं. मी थांबलो नाही. काका वरून ओरडले, “आला, आला!” आला तो नुसता माथा.

यात एक सोय असते. माथा गेला की झाकण सहज उचलतं. उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हता. अडकलेला नव्हता, तुटलेला नव्हता, नव्हताच. गाडी माझ्याकडे येण्याआधी कधीतरी ती तापली असणार आणि कुणीतरी ‘काढूनच टाका साहेब, थंड राहते’ म्हणून तो काढला असणार. इंजिन कायम गारठलेलं राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं, एवढाच त्याचा तोटा.

उरलेल्या खुंटावर वेल्डिंगवाल्यानं नट चिकटवला आणि त्याच तापात पान्यानं बोल्ट फिरवून हातावर ठेवला. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यानं विचारलं, “माथा कुणी तोडला?”

“आधीच्या मेकॅनिकनं.”

हे उत्तर सगळेच देतात. मी मात्र त्या दिवशी अगदी मनापासून दिलं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्यानं टांगून उघडतो का ते पाहावं, पातेलं घासून जागेवर ठेवावं. पॅकिंग नवं, बोल्ट नवे, आट्यांना ग्रीस. आवळताना हात हलका ठेवावा. काका गॅलरीतून सांगतीलच, “अजून जरा आवळा हो, गळेल!”