शेवटची केमो झाली. पुढे?

सिल्वासाच्या घरात कॅन्सर निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: टाटाला न्या. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे आणि गुजरात-महाराष्ट्राच्या या पट्ट्यातला माणूस त्याच दाराशी जातो. सिल्वासाला रेल्वे नाही. आधी वापी गाठायचं, वापीहून गाडीने बोरिवली किंवा दादर, तिथून परळ. दुधनी-खानवेलकडचा असेल तर आदल्या दिवशीच घर सोडायचं. उपचार चालू असेपर्यंत हे सगळं निभतं. जीव वाचवायचा असतो, भाऊबंद पैसे काढतात, कोणीतरी सोबत जातं.

मग शेवटची केमो होते. रेडिएशनचा शेक संपतो. डॉक्टर सांगतात, तीन महिन्यांनी दाखवायला या. माणूस घरी येतो आणि त्या दिवसापासून सरकारी आरोग्ययंत्रणेला त्याचं नाव ठाऊक नसतं. मला हे मान्य नाही.

असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. आशाताई तिशीपुढच्या लोकांची माहिती घेतात, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी होते. हे काम मोलाचं आहे, ते वाढलंच पाहिजे. आयुष्मान भारतने २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यातल्या उपचारांची सोय केली, तिनेही असंख्य घरं कर्जापासून वाचवली. पण या योजनेत दवाखान्यातून सुटल्यानंतरचा खर्च धरला जातो तो १५ दिवसांचा. स्तनाच्या कॅन्सरच्या कित्येक बायांना हार्मोनच्या गोळ्या ५ वर्षं घ्याव्या लागतात, काहींना १०. पंधरा दिवस आणि पाच वर्षं. या दोन आकड्यांच्या मधली जागा कोणाची?

टीबीचं बघा. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. औषधाचा कोर्स संपल्यावरही दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत त्याला तपासायचं, असं कार्यक्रमात लिहिलेलं आहे. म्हणजे बरं झालेल्या माणसाच्या दारात पुन्हा जायचं असतं, हे आपल्या यंत्रणेला कळतं. कॅन्सरच्या माणसाच्या दारात मात्र ती जात नाही.

आणि जायला हवं, कारण उपचारांची किंमत शरीर पुढे कित्येक वर्षं चुकवत असतं. आपल्या भागात तंबाखू-चुना हातावर मळला जातोच, म्हणून तोंडाच्या कॅन्सरपासूनच सुरुवात करतो. जबड्याला आणि मानेला शेक घेतलेल्या माणसाची लाळ आटते. लाळ नाही म्हणून दात किडतात. दात दुखला की तो जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि दात उपटून घेतो. शेक घेतलेल्या जबड्यातला दात असा सहज उपटायचा नसतो. तिथलं हाड भरून येत नाही, सडू लागतं, आणि कॅन्सरमधून सुटलेला माणूस जबड्यासाठी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जातो. हे टाळायला काय लागतं? त्या दातांच्या डॉक्टरला आधी कळावं लागतं, की या जबड्याला शेक दिलेला आहे. एक ओळ पुरते. ती ओळ असते टाटाच्या जाड फायलीत, इंग्रजीत, आणि फाईल असते घरी पत्र्याच्या पेटीत.

मानेच्या शेकाने थायरॉइड मंदावतो, तोही पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांनी. माणूस सुस्तावतो, अंगाला सूज येते, थंडी सोसत नाही. घरच्यांना वाटतं, आजाराने खचलाय. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक साधी रक्ततपासणी केली की कळतं, आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने माणूस पुन्हा उभा राहतो. काहींचं तोंडच उघडत नाही, म्हणून भाकरीचा तुकडा जात नाही, पेज पिऊन दिवस काढावे लागतात. त्यासाठी जबड्याचे व्यायाम असतात, ते कोणीतरी महिनोन्महिने करून घ्यावे लागतात.

बायांचं आणखी अवघड. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो. त्या हाताने भातलावणी करायची, पाणी भरायचं, कंपनीत बारा तास उभं राहायचं. सूज वेळेत ओळखली, पट्टी बांधायला आणि हात फिरवायला शिकवलं तर आटोक्यात राहते. उशीर झाला तर हात कायमचा जड होतो. गर्भाशयमुखाला शेक घेतलेल्या बाईला पुढे शौचातून रक्त जाऊ शकतं, नवऱ्याजवळ जाणं वेदनेचं होऊ शकतं. हे ती कोणाला सांगणार? परळच्या गर्दीच्या ओपीडीत, मिळतील तेवढ्या मिनिटांत, परक्या भाषेत? ती गप्प राहते. तिचं गप्प राहणं आपण तिचं बरं होणं म्हणून मोजतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. उपचार संपवून येणाऱ्या प्रत्येक सिल्वासाकराच्या हातात एक पान असावं. कोणता कॅन्सर, कोणतं ऑपरेशन, कुठे किती शेक, कोणती केमो. पुढची पाच वर्षं कोणती तपासणी कधी. कोणतं लक्षण दिसलं की थांबायचं नाही. मराठी-गुजरातीत रुग्णासाठी, इंग्रजीत डॉक्टरसाठी. अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या कॅन्सरोत्तर काळावरच्या अहवालाने अशाच लेखी आराखड्याची शिफारस वीसेक वर्षांपूर्वी केली. आपल्यालाही हे नवीन नाही. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या मुलांसाठी टाटा मेमोरियलमध्येच उपचारोत्तर वेगळं क्लिनिक १९९१ पासून चालतं, तिथे त्यांची वाढ, हृदय, शाळा, सगळं पाहिलं जातं. मुंबईला जे जमलं ते मोठ्या माणसांसाठी, आपल्या गावात करायचं आहे.

आपल्या गावात का जमावं, तेही सांगतो. सिल्वासा ज्यात येतं ती दादरा नगर हवेली म्हणजे जेमतेम ४९१ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ४३ हजार, निम्म्याहून जास्त आदिवासी: वारली, कोकणा, धोडिया. केंद्रशासित असल्यामुळे दिल्ली आणि आपल्यामध्ये राज्य सरकार नाही. विनोबा भावे रुग्णालय आहे. त्याला जोडून मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे कान-नाक-घसा, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग, मानसोपचार हे विभाग आहेत. ७ मार्च २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते ४५० खाटांच्या नमो हॉस्पिटलच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. इमारत आहे, डॉक्टर आहेत, शिकणारी मुलं आहेत. तोंडात बघायला, मान चाचपायला, थायरॉइडचं रक्त काढायला परळ लागत नाही. शंका आली तर परळच्या डॉक्टरला व्हिडिओवर विचारता येतं. २०२० पासून टेलिमेडिसिनची नियमावली आहे, ई-संजीवनी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे केअर केंद्र करायचं जाहीर झालं. त्या केंद्राच्या कामात केमोइतकीच केमोनंतरची ओपीडीही लिहून घ्या. आत्ताच लिहून घ्या, मागाहून ती कोणी जोडत नाही.

रेल्वेचा नियम मला आवडतो. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी तशीच वेळोवेळीच्या तपासणीसाठीही सवलत मिळते, सोबत्यालाही मिळते. तपासणी हा उपचाराचाच भाग आहे, हे रेल्वेने धरलं. तेवढं आरोग्य खात्यानेही धरावं. शिवाय तिकीट स्वस्त झालं तरी बुडालेली हजेरी परत मिळत नाही.

हजेरीवरून कंपन्यांकडे येतो. सिल्वासा कारखान्यांवर जगतं आणि कारखाने कंत्राटी हातांवर. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के भत्ता आहे. पण त्याला दोन वर्षांची सलग नोकरी लागते. कंत्राटदार बदलला, मधले महिने कोरे गेले, की हा कायदा कामगाराच्या उपयोगाचा राहत नाही. आणि तो बरा होऊन गेटवर परत आला तर? एचआयव्ही असलेल्या माणसाला त्या कारणावरून नोकरी नाकारू नये असा २०१७ चा कायदा आहे. लढून मिळवलेला, योग्य कायदा. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला तसं नाव घेऊन दिलेलं संरक्षण नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा केला: ठरावीक वर्षं उलटली की कर्जाचा विमा घेताना जुना कॅन्सर सांगायची सक्ती नाही. आधी मुदत १० वर्षं होती, २०२२ मध्ये ती ५ वर आणली. तिथे माणसाला कधीतरी कॅन्सरमधून सुटी मिळते.

एक हक्क मात्र आपल्याकडे आजच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कॅन्सर हा वेगळा प्रकार नाही, पण स्वरयंत्र काढल्यामुळे आलेलं कायमचं वाचादिव्यांगत्व त्यात नाव घेऊन नोंदलेलं आहे. ज्याचा आवाज गेला त्याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळायला हवं. त्याने ते मागावं, अशी अपेक्षा कशी करायची? त्याला बोलताच येत नाही. ते काम रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाचं आहे.

तर आरोग्य संचालकांना थेट विचारतो. उपचार पूर्ण झालेल्यांची यादी करायला आशाताईंना सांगणार का, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला देणार का? केमोनंतरच्या ओपीडीसाठी आठवड्यातला एक वार ठरवणार का? तो वार आणि खोलीचा नंबर खानवेल, मांदोनी, रुदाना, दुधनी या गावांत मराठी-गुजरातीत लावा, आणि त्या खोलीत वारली समजणारी एक नर्स बसवा.