चेहरा नको, उत्तर द्या

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ‘कोपायलट’ या एआय मदतनिसाला चेहरा दिला. त्याचं नाव मिको. रंग बदलणारा, आपण बोलू तसे भाव दाखवणारा एक गोंडस गोळा. त्याच्यावर पुन्हा पुन्हा बोट टेकवलं की तो यू-पिन होतो. तीच जुनी, मोठ्या डोळ्यांची, न बोलावता येणारी यू-पिन. क्लिपी! जिला जगभरातल्या लोकांनी वैतागून बंद केलं, तिला कंपनी आज आठवणीतला गोडवा म्हणून परत आणते आहे. मला यात गोडवा दिसत नाही. सॉफ्टवेअर कुठे अडलं की ते नीट करण्याआधी त्याच्यापुढे एक कार्टून उभं करायचं, ही या धंद्याची तीस वर्षांची खोड आहे आणि ती वाढतेच आहे.

माझा कार्टूनला विरोध नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला. हातात ब्रश घेतलेला तो खट्याळ पोरगा जवळजवळ पन्नास वर्षं रंगाच्या डब्यावर उभा होता. त्याने आपली जागा सोडली नाही. रंगाचे पोपडे निघाले तर तुम्ही दुकानदाराकडे जात होता, दुकानदाराला बोलत होता. दुकानदाराला हटवून त्याच्या जागी कोणी गट्टूला बसवलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमकं तेच केलं.

सुरुवात १९९५ मध्ये झाली. ‘मायक्रोसॉफ्ट बॉब’ नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. संगणक सुरू केला की पडद्यावर घर दिसायचं, घरात खोल्या, खोलीत टेबल-कपाटं आणि वाट दाखवायला रोव्हर नावाचा पिवळा कुत्रा. माणसं संगणकाशीही नकळत माणसासारखीच वागतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज प्रयोगांनी दाखवत होते, आणि कंपनीने त्यांचा सल्ला घेतला होता. संशोधन खरं होतं. कंपनीने त्यातून काढलेला अर्थ मात्र उथळ होता: माणसासारखं वागवतात ना, मग एक तोंड चिकटवा. बॉब वर्षभरात गुंडाळावा लागला. त्याच्यामागे एक वारसा राहिला. रोव्हरच्या तोंडची वाक्यं गंभीर पुस्तकी टाइपात पाहून व्हिन्सेंट कोनेअर या टाइपकाराला ते विजोड वाटलं आणि त्याने ‘कॉमिक सॅन्स’ घडवला. तो बॉबसाठी वेळेत तयार झाला नाही, पण आपल्याकडच्या बारशाच्या आमंत्रणांपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे पोचला. कुत्राही गेला नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत फाइल शोधायला गेलं की कोपऱ्यात तोच बसलेला असायचा.

मग ‘ऑफिस ९७’ बरोबर क्लिपी आली. तुम्ही पत्राचा मायना लिहिला की ती उगवायची: पत्र लिहिताय वाटतं, मदत हवी? नको म्हणा, पुढच्या पत्राला पुन्हा तेच. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या आणि त्याआधीच्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये मराठी माध्यमातून आलेली पोरं पहिल्यांदाच वर्ड उघडत होती. माउस हातात धरायची धास्ती, वर एक इंग्रजी बोलणारी यू-पिन डोळे फिरवत खटखट करणार. मदतीची खरी गरज याच पोरांना होती आणि त्यांनाच तिचा सगळ्यात कमी उपयोग होता.

हे टाळता आलं असतं, म्हणून चीड येते. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी ‘लुमियर’ नावाचा प्रकल्प चालवत होते. माणूस खरोखर अडला आहे का, त्याला आत्ता मदत हवी आहे का, याचा अंदाज शक्यतेच्या गणिताने बांधायचा आणि त्या माणसाकडून शिकत जायचं, असं ते काम होतं. प्रत्यक्ष ऑफिसमध्ये ही यू-पिन कधी उगवायची, हे मात्र साध्या, ठोकळेबाज नियमांवर सोडलं गेलं. माणूस ओळखण्याचं शहाणपण प्रयोगशाळेत राहिलं आणि चित्र तेवढं ग्राहकाच्या घरी आलं. क्लिपीसारख्या पात्रांबद्दल घेतलेल्या पाहणीत बायकांनी सांगितलं होतं की ही पात्रं फार पुरुषी वाटतात, आपल्याकडे टक लावून बघतात असं वाटतं. त्या वेळी ऑफिसच्या कामात असलेल्या रॉझ हो यांनी ही हकिकत २०१५ च्या ‘कोड : डिबगिंग द जेंडर गॅप’ या माहितीपटात सांगितली आहे. त्यावरच्या बैठकीतल्या पुरुषांना ते पटलं नाही. पाहणी बाजूला पडली, पात्रं राहिली.

२००१ मध्ये ऑफिस एक्सपी विकायला काढताना कंपनीने क्लिपीलाच नोकरीवरून काढल्याची जाहिरात केली. नवं ऑफिस इतकं सोपं आहे की आता हिची गरज नाही, असा त्यातला दावा. चार वर्षं ज्यांना छळलं, त्यांच्याच वैतागावर पुढची आवृत्ती विकली. ऑफिस २००७ मध्ये ती पूर्णपणे गेली.

क्लिफर्ड नास यांचा एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी क्लिपीचं एक वेगळं रूप करून पाहिलं. मदत उपयोगी पडली का, असं ती विचारायची. ‘नाही’ म्हटलं की ती तुमच्या बाजूने कंपनीवर रागवायची, ‘चला, यांना कळवू या’ म्हणायची आणि कंपनीला पाठवायचं खरमरीत पत्र समोर ठेवायची. तीच यू-पिन, तेच डोळे. लोकांना ती आवडली! कारण आता ती त्यांच्या बाजूने उभी होती. कंपनीने हे रूप घेतलं नाही. लोकांना चेहरा खुपतच नव्हता, त्या चेहऱ्यामागे ऐकणारं कोणी नाही हे खुपत होतं, इतकं स्वच्छ उत्तर हाती आलं होतं. ते नाकारलं गेलं.

याच कंपनीचा २०१३ चा प्रकार तर सरळसरळ ओशाळवाणा आहे. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर तेव्हा बदनाम होता. २००१ ची सहावी आवृत्ती आल्यावर सातवीला २००६ उजाडलं. तोवर तो संथ, असुरक्षित आणि वेबसाइट बनवणाऱ्यांची डोकेदुखी होऊन बसला होता. आपल्याकडे कित्येक सरकारी संकेतस्थळं डिजिटल सहीसाठी हाच ब्राउझर मागत, त्यामुळे शेवटच्या तारखेच्या रात्री त्याच्याशी झुंजलेले सीए आणि कारकून गावोगाव सापडतील. या बदनामीवर मायक्रोसॉफ्टच्या सिंगापूर शाखेने काय उपाय काढावा? जपानी ॲनिमे शैलीतली एक मुलगी. इनोरी आयझावा. सिंगापूरच्या अ‍ॅनिमे महोत्सवात तिची चित्रफीत झळकली. शहरात यंत्रमानव तिच्या मागे लागतात आणि ती रूप पालटून त्यांचा फडशा पाडते. तिची कथा काय, तर लहानपणी ती हळू आणि वेंधळी होती, आता मोठी होऊन सफाईदार झाली. इंजिनिअरांनी आणि व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षं केलेली हयगय एका काल्पनिक मुलीच्या वेंधळेपणाच्या खाती टाकली गेली. कोणी माफी मागितली नाही, ती चित्रातल्या मुलीकडून वदवून घेतली. ब्राउझर त्यानेही तरला नाही. १५ जून २०२२ ला तो अधिकृतपणे निवृत्त झाला.

आणि ही कल्पनाही कंपनीची नव्हती. जपानी चाहत्यांनी त्याच्या कितीतरी आधी विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीची एकेक मुलगी काढली होती. सारखी कोलमडणारी ‘विंडोज एमई’ त्यांनी धांदरट पोरगी म्हणून रंगवली, आणि ती जिवंत वाटली, कारण ज्यांचा संगणक रोज बंद पडत होता त्यांनीच ती काढली होती. सोसणाऱ्याने केलेली थट्टा आणि विकणाऱ्याने केलेली तिची नक्कल यांची जातकुळी एक नसते. लिनक्सचा पेंग्विन टक्सही असाच आपल्या माणसांतून आला. लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सला पेंग्विन आवडत होता, लॅरी युइंगने १९९६ मध्ये तो काढला. तो आजही कोणाला सूचना पाठवत नाही. पोट भरून शांत बसलेला असतो.

चित्राने माणूस सैलावतो, सावधपणा सोडतो, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. १९९९ च्या सुमारास ‘बाँझीबडी’ नावाचा जांभळा गोरिला इंटरनेटवरून फुकट मिळत होता. गाणी म्हणायचा, विनोद सांगायचा, पोरांचा लाडका. आई-वडिलांच्या परवानगीशिवाय तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कंपनीवर कारवाई केली आणि २००४ मध्ये तिला ७५,००० डॉलर दंड भरावा लागला.

आणि अगदी अलीकडचं घ्या. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपलं हिरवं घुबड मेल्याची जाहिरात केली. जगभर शोकसंदेश आले. धडे करून गुण मिळवा म्हणजे ते परत येईल, असं सांगून लोकांना कामाला लावलं, आणि घुबड परतही आलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर केलं की एआयला जमेल ते काम कंत्राटी माणसांना देणं टप्प्याटप्प्याने थांबवू. एका चित्राच्या खोट्या मरणाला मोहीम आणि हाडामांसाच्या भाषातज्ज्ञांच्या रोजगाराला एक पत्रक! या धंद्यातली माझ्या पाहण्यातली सगळ्यात निर्दय गोष्ट ही आहे.

आता आपल्या हातातल्या मोबाइलकडे या. बँक, विमा, वीजबिल, गॅस, तिकीट, कुठलंही ॲप उघडा. कोपऱ्यात नमस्कार करणारी एक हसरी ताई. पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, असं तिला कळवळून लिहा. ती तुम्हाला चार पर्याय दाखवते आणि त्यांत तुमचा पर्याय नसतो. दूरध्वनी क्रमांक शोधावा तर तो तीन पडद्यांच्या मागे. सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकाला, पेन्शन अडकलेल्या बाईला या हसऱ्या चित्रापुढे ताटकळत ठेवणं हा सरळ अपमान आहे. पूर्वी शाखेतला साहेब खेकसला तरी त्याच्या टेबलावर नावाची पाटी होती. तक्रार कोणाविरुद्ध करायची हे कळत होतं. ताईला पद नाही, सही नाही, शिक्का नाही.

म्हणून वाचकहो, त्या चित्राशी गप्पा मारण्यात दुपार घालवू नका. बँकेचं प्रकरण असेल तर तक्रार लेखी द्या किंवा ईमेल करा, आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रार नोंदवायला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.