अण्णांचं चेकिंग

सोलापुरात वसंत ऋतू येतो तो पंचांगात. बाहेर यायला त्याला सवडच मिळत नाही. फाल्गुन सरत आला की सकाळी साडेसहाला हवा बरी असते, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते, आणि आता वसंत आला असं म्हणावं तोवर साडेनऊ वाजतात. मग दिवसभर उन्हाळा. मार्चअखेर पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात तर चाळिशीची आठवण काढून लोक हळहळतात. तेव्हा साडेसहा ते साडेनऊ, एवढाच आमचा वसंत, पण रोजचा. या तीन तासांत आमच्या जुळे सोलापुरातले एक गृहस्थ गळ्यात दुर्बीण, अंगात बाह्यांचा बनियन आणि खाली चट्टेरी अर्धी चड्डी अशा वेषात स्वतःच्याच परसात दबा धरून बसलेले असतात.

"काय करूलालाव अण्णा?" दूधवाला रोज विचारतो.

"चेकिंग चाललंय. गप बस बे," अण्णा न हलता सांगतात.

अण्णा रेल्वेत टीसी होते. होते म्हणजे आहेतच. रेल्वेनं फक्त काळा कोट काढून घेतला. माणूस असो की पाखरू, आपल्या हद्दीत शिरलेला जीव कोण, कुठून आला आणि कुठवर जाणार, याची चौकशी झाल्याशिवाय अण्णांना चहा गोड लागत नाही. लोक निवृत्तीनंतर पक्षिप्रेमी होतात. अण्णांचं तसं नाही. पक्ष्यांवर त्यांचं प्रेम आहे असं मला तरी कधी वाटलं नाही. त्यांचं प्रेम रजिस्टरवर आहे. एकदा नोंद झाली की तो पक्षी खांद्यावर येऊन बसला तरी अण्णा त्याच्याकडे ढुंकून बघणार नाहीत.

रजिस्टर लांबोळकं, पाठीला लाल कापड लावलेलं. रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेत : तारीख, वेळ, नाव, उर्फ, कुठून, कुठे, शेरा. 'उर्फ' हा रकाना सोलापुरामुळे लागला. डावीकडचं घर तेलुगू, उजवीकडचं कन्नड. त्यामुळे अण्णांच्या दप्तरी साधी चिमणीसुद्धा 'चिमणी उर्फ पिच्चुका उर्फ गुब्बी' अशी, एखाद्या तडीपार गुंडासारखी नोंदलेली आहे.

पक्ष्यांचे वर्गही त्यांनी ठरवून टाकलेत. चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला हे पासधारक. रोजचेच, त्यांना काय विचारायचं. सातभाई म्हणजे ग्रुप बुकिंग, आणि त्यात कायम घोटाळा. नावात सात, पण मोजायला जावं तर कधी सहा भरतात, कधी नऊ. "जादाचे दोन कोण?" म्हणून अण्णा त्या कलकलाटात उभे राहून तपास करतात. भोरड्या लांब पल्ल्याच्या. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीला कणसं धरली की थव्यानं उतरतात आणि एप्रिलात परत मध्य आशियाकडे निघतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. एप्रिल संपताना त्यांचा एखादा उशिरा निघालेला थवा समोरच्या वायरींवर बसला, की अण्णा घड्याळ बघतात आणि 'कुठे' या रकान्यात 'कझाकस्तान (बहुधा)' असं लिहितात. खरं म्हणजे 'बहुधा' हा शब्द त्यांना आवडत नाही. चाळीस वर्षांची शिस्त आहे.

या सगळ्यांत विनातिकीट प्रवासी एकच : कोकीळ. फुकट्यांतला अट्टल. घरटं बांधायचं नाही, अंडी उबवायची नाहीत, पिलांना भरवायचं नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकायचं आणि वर कुहू कुहू करत गावभर मिरवायचं. ते कुहूही नराचं. काळा, लालभडक डोळ्यांचा तो नर गातो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, ती नुसती किक् किक् करते. कॉलनीतल्या पाडवा पहाटेला निवेदिकेनं कोकिळेच्या मंजुळ स्वराबद्दल एक वाक्य टाकलं, तेव्हा अण्णा तिसऱ्या रांगेतून उठून उभे राहिले होते. तबलजीनं वेळीच तुकडा वाजवला म्हणून ती मैफल वाचली.

मी एकदा कावळ्याची बाजू घेऊन पाहिली. एवढा हुशार पक्षी म्हणतात, आणि त्याची अशी फसवणूक व्हावी? अण्णा म्हणाले, "स्वतःच्या बर्थवर कोण झोपलंय हे ज्याला कळत नाही, त्याची तक्रार रेल्वे घेत नाही."

गल्लीत त्यांचा उपयोग होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. एका घरच्या बोअरच्या मोटारीतून भर दुपारी टुक् टुक् टुक् असा आवाज येतो म्हणून मिस्त्री बोलावला होता. त्यानं मोटार उघडली, बेअरिंग बदललं, पैसे घेतले. आवाज चालूच. शेवटी अण्णांना पाचारण झालं. ते मोटारीकडे न जाता वडाखाली गेले आणि दुर्बिणीतून वर बघत म्हणाले, "तांबट आहे. कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं. याला तेल घालता येत नाही." बेअरिंगचे पैसे गेले ते गेलेच.

अण्णांच्या हाताशी दोन ग्रंथ असतात. एक सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, जे पहिल्यांदा 1941 साली आलं. आणि दुसरा मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश. पहिल्याला ते टाइमटेबल म्हणतात आणि दुसऱ्याला 'आपल्या गावचं टाइमटेबल'. चितमपल्ली सोलापूरचे, जन्म 5 नोव्हेंबर 1932. सलीम अलींचा वाढदिवस 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो, आणि तो आठवडा अण्णा आंघोळ करून कडक इस्त्रीच्या शर्टात चेकिंगला बसतात. आयुष्याची बहुतेक वर्षं जंगलात आणि नंतर विदर्भात काढून चितमपल्ली अखेरीस सोलापूरला परतले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते इथेच गेले. त्या दिवशी अण्णांनी रजिस्टर उघडलं नाही. नोकरीतसुद्धा असा खाडा त्यांनी केला नसेल.

त्यांचं एकच दुखणं आहे, माळढोक. बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. तिथल्या माळरानावर 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. उंच मान, भारदस्त चाल, उडणाऱ्या पक्ष्यांतला वजनदार आसामी. आता तिथे एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. अण्णा दरवर्षी डबा बांधून नान्नजला जातात, काळविटं बघतात, चंडोल बघतात, नशीब असेल तर लांडगा बघतात, आणि 'माळढोक' या नावापुढे 'अनुपस्थित' असा शेरा मारून परत येतात. सलीम अलींना माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. 1963 मध्ये मान मिळाला मोराला. यावर अण्णांचं मत ठाम आहे : "मोराला कोट्यातून कन्फर्म झालं. आमचा गडी वेटिंगवरच राहिला आणि गाडी सुटली."

मध्यंतरी पुण्याहून नातू आला. त्यानं मोबाइल पुढे धरला, आणि विजेच्या तारेवर काय बोलतंय ते अ‍ॅपनं ऐकून लगेच सांगितलं, वेडा राघू. बरोबर होतं. अण्णांचा चेहरा पडला. "तोंड न बघता, नुसत्या आवाजावर पास करायचं? उद्या कुणीही आवाज काढेल," असं म्हणून त्यांनी ती नोंद दुर्बिणीतून पाहिल्यावरच केली.

आता बागेबद्दल. बाग अण्णांची, काम काकूंचं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे तीनला. तेव्हा उठून पिंपं भरायची, वाटीवाटीनं कुंड्यांना घालायचं, कडुनिंबाचा पडलेला पाला गोळा करून आळ्यांत पसरायचा म्हणजे ओल टिकते, मोगऱ्याच्या कळ्या उन्ह चढायच्या आत खुडायच्या, हे सगळं काकू करतात. अण्णांचं खातं मनाई हुकुमांचं. जास्वंदीला पिठ्या ढेकूण झालाय, साबणाचं पाणी मारू? नको, त्यावर शिंपी येतो. लिंबाला अळ्या लागल्यात, वेचू? नको, तो बुलबुलाचा नाश्ता आहे. बुलबुल नाश्त्याला फारसे आले नाहीत, आणि लिंबाचं झाड चैत्रात पानगळ झाल्यासारखं उभं राहिलं. "झाड पासधारकांच्या सोयीसाठी आहे," अण्णा म्हणाले. "सरबतासाठी मंडईतून आणा मग लिंबं," काकू म्हणाल्या. उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो, हे अण्णांना त्या आठवड्यात कळलं.

खरा प्रसंग वाळवणाचा. काकूंनी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून गच्चीवर धोतरावर कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, एकीला एक न चिकटलेल्या. काकूंच्या कुरडया बघायला बायका मुद्दाम येतात. खाली पापडाच्या लाट्या तयार होत्या म्हणून त्यांनी अण्णांच्या हातात काठी दिली आणि तासभर राखणीला बसवलं. तासानं काकू वर आल्या. अण्णा काठी मांडीखाली ठेवून लिहीत होते. कडेच्या दोन ओळी साफ झाल्या होत्या. मधल्यांतून एक साळुंकी निवांतपणे, प्रत्येकीचा एकेक वेढा चाखत चालली होती.

"अहो, हाकलायचं होतं ना!"

"हाकललं तर मोजणार कसं?" अण्णांनी रजिस्टर दाखवलं. चिमण्या 14, साळुंक्या 3, कावळा 1, खार 1 (पक्षी नाही, तरी नोंद).

"आणि दंड? तो कोण वसूल करणार?"

अण्णा गप्प झाले. नोकरीत दहा रुपयांची सूट कुणाला दिली नाही, असा त्यांचा लौकिक होता. काकूंनी उरलेल्या कुरडया उचलल्या आणि त्या वर्षी पाहुण्यांना वाढताना वेढा तुटलेली प्रत्येक कुरडई त्या आवर्जून अण्णांच्या ताटात घालत.

यंदा चैत्राच्या सुरुवातीला व्हरांड्यात, घंटीच्या बटणाजवळून जी केबलची वायर लोंबते, तिच्यावर शिंजिरानं घरटं केलं. नर काळा, उन्हात जांभळा-निळा झळकणारा; मादी वरून मातकट, पोटाशी पिवळसर. घरटं एकटी मादी बांधते. कोळ्याची जाळी चोचीत धरून आणायची, वायरीला गुंडाळायची, तिच्यात गवताची काडी, कडुनिंबाच्या सालीचा कपचा, सुकलेलं पान अडकवायचं, मग स्वतः आत शिरून छातीनं रेटून पोकळी गोल करायची. मागच्या गल्लीत टॉवेलचे माग आहेत. तिथल्या लाल सुताचे दोन धागेही तिनं आणून बसवले. शेवटी दारावर इवलासा छज्जा काढला. एवढा वेळ नर समोरच्या तारेवर बसून गात होता.

"बघितलंस? घर ती बांधते, तो नुसता गातो!" अण्णा हलक्या आवाजात म्हणाले.

"यात मला नवीन काय दाखवताय?" म्हणून काकू पिंपं भरायला गेल्या.

अंडी दोन. उबवायला साधारण पंधरा दिवस. अण्णांनी घंटीची वायर सोडवली, मागच्या दारानं ये-जा सुरू केली, आणि पुढच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली : 'दार वाजवू नये. आवाज करू नये. आत बाळंतीण आहे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तेलुगू घरच्या अक्का डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन मागच्या दारी हजर. मग कन्नड घरच्या वहिनी, हळिवाचे लाडू. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या आजी, शेपा आणि ओव्याची पुरचुंडी आणि स्वतः शिवलेलं टोपडं घेऊन. "सून पुण्याहून कधी आली? कळवलंही नाहीत!" काकूंनी सगळ्यांना आत बसवलं, सरबत दिलं आणि जाताना खिडकीतून बाळंतीण दाखवली. आजींना मोतीबिंदू, त्यांनी वायरीकडे बघून हात जोडले आणि टोपडं काही परत नेलं नाही.

लाडू परत करायचे की नाही यावर घरात चर्चा झाली. काकू म्हणाल्या, लाडू बाळंतिणीसाठी आहेत आणि ती मधावर आणि किड्यांवर राहते. तेव्हा तिच्या वतीनं आपणच खाल्ले पाहिजेत. डिंकाचे लाडू खाऊन चैत्रातल्या उन्हात अण्णांचा घोळणा फुटला. दोन दिवस नाकाला ओला बोळा लावून ते चेकिंगला बसले.

पिलं बाहेर आली त्या दिवशी पाटीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून गेलं : 'मुलगा की मुलगी?' गल्लीतल्या पोरांचाच उद्योग. अण्णांनी ते वाचलं, टाइमटेबल काढलं, आपल्या गावचं टाइमटेबल काढलं, आणि खाली लाल शाईनं, सहीनिशी उत्तर दिलं : 'लहानपणी दोघेही आईसारखेच दिसतात. पिसे बदलेपर्यंत सांगता येत नाही. चौकशी मागील दाराने करावी.'